बाटल्यांचं नवरात्र

आमच्या सोसायटीच्या सांडपाण्याच्या टाकीवर फेस यायला लागला, तेव्हा लोकांनी आधी त्याचे फोटो काढले. हिंजवडीत माणसं कशाचेही फोटो काढतात. फेस तपकिरी होता, दाट होता, आणि सुरी फिरवली तर खरवसासारख्या वड्या पडतील असा घट्ट होता. सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी त्याला कॉफीची उपमा दिली आणि त्यावर बरेच हसरे चेहरे उमटले. चार दिवसांनी तो फेस टाकीचा कठडा ओलांडून क्लब हाऊसच्या मागच्या लॉनवर उतरला, तेव्हा चेहरे बदलले आणि लोकांना माझी आठवण झाली.

आठवण होण्याचं कारण माझा धंदा. मी पिरंगुटच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या प्रयोगशाळेत काम करते. आजूबाजूच्या कारखान्यांचं सांडपाणी आमच्याकडे डब्यांतून येतं आणि त्यातले जीवाणू ओळखणं हे माझं काम. नातेवाइकांना हे समजावताना माझं आयुष्य गेलं. लग्नकार्यात हमखास एखादी आत्या विचारते, "म्हणजे तू नक्की करतेस काय?"

"घाण पाण्यातले त्रासदायक जीवाणू शोधते."

"आणि मारतेस?"

"नाही, वाढवते."

यावर आत्या पंगतीत दुसरी जागा शोधते.

खरं तर प्रकार साधा आहे. सांडपाण्याच्या टाकीत खालून हवा सोडतात आणि कोट्यवधी जीवाणू त्या हवेवर जगत आपण सांडलेलं सगळं खातात. खाऊन झालं की शहाण्या मुलांसारखे गोळे करून तळाशी बसतात आणि वर स्वच्छ पाणी उरतं. पण त्यांत काही जाती अशा असतात, की त्या गोळे करत नाहीत. त्या दोऱ्यासारख्या लांब वाढतात, हवेच्या बुडबुड्यांना मिठी मारतात आणि तळाला जाण्याऐवजी वर येऊन बसतात. तोच फेस. माणसांतही हा प्रकार आढळतो. काम खालचे करतात, वर तरंगणारे वेगळे.

आमच्याकडे वर तरंगणारे म्हणजे अध्यक्ष. एका मोठ्या कंपनीतून निवृत्त झालेले, जळगावकडचे गृहस्थ. माणूस वाईट नव्हता. सकाळी फिरताना सगळ्यांना नमस्कार करायचा, लिफ्ट धरून ठेवायचा. पण त्यांना पाट्यांचा नाद होता. कचऱ्याच्या डब्यांपाशी पाटी, तुळशीवृंदावनापाशी पाटी. टाकीपाशी तर संगमरवरी फलक होता, 'जलपुनर्वापर प्रकल्प', आणि त्याखाली समितीच्या सगळ्यांची नावं. फलक टाकीच्या झाकणापेक्षा मोठा होता. त्या वर्षी त्यांनी 'शून्य कचरा सोसायटी' असाही एक फलक क्लब हाऊसच्या दारावर बसवला होता आणि त्याचं उद्घाटन स्वतःच्याच हस्ते केलं होतं, कारण बोलावलेले पाहुणे वाकडच्या पुलावर वाहतुकीत अडकले.

टाकीच्या पलीकडे आमची कुंपणभिंत आणि भिंतीखाली मावशींचं रान.

आमच्या इमारती ज्या जमिनीवर उभ्या आहेत ती मावशींच्या सासरची. दिरांनी विकली, मग मुलांनी विकली. मावशींनी मात्र भिंतीखालची एक पट्टी आणि तीन म्हशी सोडल्या नाहीत. सोसायटीत निम्म्या घरांना त्यांचंच दूध. पहिल्या दिवशी दूध घालायला आल्या तेव्हा लिफ्टकडे बोट करून मला म्हणाल्या होत्या, "हितं आमचं खळं हुतं. तुमी आता वर-खाली करताय ना, तितं आमी भात झोडायचो." त्यात दुःख वगैरे काही नव्हतं. पत्ता सांगावा तसं सांगितलं.

जमीन विकताना त्यांची विहीर पार्किंगखाली गेली आणि गोठ्याच्या पाण्याची वाट भिंतीनं अडली. म्हणून तेव्हाच तोंडी ठरलं होतं, की गोठा धुतलेलं पाणी सोसायटीच्या गटारात घ्यायचं आणि त्या बदल्यात टाकीतून शुद्ध झालेलं पाणी एका पाइपानं मावशींच्या पट्टीला द्यायचं. त्या पाण्यावर मावशी झेंडू करायच्या. दसऱ्याच्या आदल्या दिवशी हिंजवडीच्या रस्त्याकडेला फुलांची पाटी घेऊन बसायच्या आणि आयटीतली मंडळी गाडीची काच खाली करून त्यांच्याकडून हार घ्यायची. आपणच सकाळी सोडलेलं पाणी आपल्याच गाडीच्या बॉनेटवर झेंडू होऊन बसलंय, हे त्यातल्या कुणाला ठाऊक नसायचं, आणि ते बरंच होतं.

फेसाचा विषय निघाला तो घटस्थापनेच्या आदल्या रविवारी, क्लब हाऊसमधल्या बैठकीत. अध्यक्षांनी पडद्यावर स्लाइड लावल्या होत्या. पहिलीवर लिहिलं होतं, 'फेस म्हणजे फॅट'. दुसरीवर, 'फॅट म्हणजे दूध'. तिसरीवर एका म्हशीचं चित्र. ते इंटरनेटवरून घेतलं असावं, कारण म्हशीच्या गळ्यात बिल्ला होता आणि मागे हरियाणातला कुठलासा मंडप. मावशींच्या म्हशींनी तिला ओळखही दाखवली नसती.

मावशींना मुद्दाम बोलावलं होतं. त्या पहिल्या रांगेत बसल्या होत्या, पदर नीट करून.

"आन् म्हैस म्हंजे मी, असं म्हनायचंय का तुमाला?" त्यांनी विचारलं.

"मावशी, पर्सनली घेऊ नका. आपण फक्त रूट कॉज शोधतोय," अध्यक्ष म्हणाले.

"शोधा की. पर मागल्या म्हैन्यात तुमीच मला जिन्यात आडवलं न्हवं? म्हनला, मावशी, तुमच्या दुधाला साय धरत न्हाई, पानी घालता काय? आता बिगरसायीच्या दुधाच्या गोठ्यातनं लोनी कसं काय व्हायाला लागलं?"

मागच्या रांगेत कुणीतरी खोकल्याच्या आड हसलं. अध्यक्षांनी चौथी स्लाइड लावली. तिच्यावर 'धन्यवाद' लिहिलं होतं.

मी हात वर करून म्हणाले, की फेसात नेमका कोण आहे आणि तो कशावर पोसतोय, हे आधी तपासू.

"उत्तम! टाइमलाइन काय राहील, मॅडम?"

"जीवाणू वाढतील तशी."

"पण साधारण?"

"त्यांना विचारून सांगते."

हात वर करून मतदान झालं. घटस्थापनेपासून गोठ्याचं गटार बुजवायचं, मावशींच्या पाइपाचा व्हॉल्व्ह बंद करायचा, आणि माझ्या अहवालातून काही वेगळं निघालं तर फेरविचार करायचा. फेरविचार या शब्दाला आपल्याकडे घाई नसते. झेंडूला असते. पाऊस उघडला होता, ऊन कातडं सोलत होतं, आणि मावशींच्या झाडांवरच्या कळ्या वाटाण्याएवढ्या होऊन नुकत्या फुगायला लागल्या होत्या. बैठकीतून उठताना त्या मला एवढंच म्हणाल्या, "कळी भरायच्या टायमाला पानी तोडलं बग, ताई. आता ही हितंच वाळनार. दसऱ्याला मी रस्त्यावर काय विकू, कडबा?"

दोन दिवसांनी सकाळी देवघरात घट बसले आणि टाकीपाशी व्हॉल्व्हला कुलूप बसलं.

मी फेस गोळा करायला गेले. टाकी सांभाळणारा ऑपरेटर लातूरकडचा, बोलका माणूस. टाकी त्याला जिवंत वाटायची. "मॅडम, लई खवळली हो," तो म्हणाला. "अमावास्या झाली की असंच करती."

"अमावास्या महिन्यातून एकदा येते. फेस रोज आहे."

"तेच तर. औंदा अमावास्या उतरलीच नाही." असं म्हणून त्यानं पाण्याचा फवारा मारून फेस पुन्हा टाकीत बुडवला. तो रोज तसं करायचा आणि फेस रोज ताजातवाना होऊन वर यायचा. उपद्रवी पाहुण्याला दारातून घालवून खिडकीतून आत घ्यावं, त्यातली गत.

पिरंगुटला पोचून मी फेसाचा थेंब काचपट्टीवर पसरला, रंग दिला आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरला. जांभळे दोरे दिसले, आणि दोऱ्यांना काटकोनात फांद्या. पानगळीतल्या बाभळीसारखं रान माजलं होतं. त्याला ओळखायला मला वेळ लागला नाही. आमचा जुना परिचय आहे. त्याचं शास्त्रीय नाव मी पाठ करायचं सोडून दिलंय, कारण तज्ज्ञ ते दर काही वर्षांनी बदलतात. माझ्या दृष्टीनं त्याच्या दोनच गोष्टी लक्षात ठेवायच्या. एक, त्याच्या अंगावर मेणाचं अस्तर असतं. पाणी त्याला चिकटत नाही, म्हणून तो बुडबुडा धरून वर येतो, आणि म्हणूनच त्याचा फेस मोडत नाही. दोन, त्याला तेला-तुपाचं भारी वेड.

म्हणजे अध्यक्षांची पहिली स्लाइड बरोबर निघाली. याचं मला जरा वाईट वाटलं. चुकीचा माणूस संपूर्ण चुकीचा असावा, अशी आपली माफक अपेक्षा असते.

आता प्रश्न उरला, की हे तूप कुणाच्या घरचं? त्यासाठी त्या जीवाणूला वाढवून त्याची आवड विचारायला हवी होती, आणि इथेच त्याचा खरा स्वभाव दिसतो. हा प्राणी म्हणजे जावई आहे. कुणी बोलावलं नसताना लोकांच्या टाकीत येऊन यथेच्छ जेवतो. पण तुम्ही त्याच्यासाठी काचेची बशी उकळून घ्या, त्यात निगुतीनं अन्न शिजवून गोठवा, ऊबदार पेटीत जागा करून द्या, की लगेच रुसतो. दिवसचे दिवस हलत नाही. तोवर त्याच्याबरोबर आलेले फुकटे एका रात्रीत बशी फस्त करून टाकतात. माझ्या पहिल्या खेपेच्या बश्यांवर दुसऱ्या दिवशी पांढरा चिकट थर आला आणि त्यात आमच्या जावईबापूंचा पत्ता नव्हता. मी फेस पुन्हा पातळ केला, पुन्हा बश्या घातल्या आणि त्या पेटीत ठेवून गप्प बसले.

गप्प बसणं मला जमतं. मावशींना जमण्यासारखं नव्हतं. त्या आता घरच्या नळाचं पाणी हंड्यांनी आणून झेंडूला घालत होत्या. माझ्या बाल्कनीतून ते दिसायचं. एक हंडा, दोन सरी, की परत. पलीकडच्या सऱ्यांची पानं दुपारी कान पाडून उभी राहायची. सकाळी दूध घालताना त्या रोज विचारायच्या, "उगावलं का?"

"अजून नाही, मावशी. सावकाश वाढतं ते."

"माझ्या घटातलं धान बी बोटभर वर आलं की गं."

"ते धान आहे. हा नखरेल आहे."

"तुजं उगवंस्तवर माजं वाळंल," मावशी म्हणाल्या आणि पातेल्यात मापावरचं वरकडीचं दूध ओतून निघून गेल्या.

हे वाक्य दिवसभर माझ्या डोक्यात राहिलं. बश्यांच्या भरवशावर बसण्यात अर्थ नव्हता. जावई एकटा जेवत नसेल तर पंगतच बसवावी, असं मी ठरवलं. टाकीतलं फेसाळ पाणी, त्यातल्या चांगल्या-वाईट सगळ्या मंडळींसकट, चार बाटल्यांत सारखं भरायचं, खालून हवा सोडायची आणि प्रत्येक बाटलीला वेगळं जेवण द्यायचं. ज्या जेवणावर फेस माजेल, ते घर दोषी.

प्रयोगशाळेत हे करता येईना. पिरंगुटला गुरुवारी वीज जाते, आणि हवा थांबली की बाटलीतली पंगत उठलीच म्हणून समजा. आमच्या इमारतीला मात्र जनरेटर आहे. म्हणून मी माशांच्या दुकानातून काचेच्या पेटीत बुडबुडे सोडतात ते छोटे पंप आणले आणि कपडे वाळत घालायच्या मागच्या बाल्कनीत कठड्याच्या रुंद कट्ट्यावर चार बाटल्या मांडल्या. प्रत्येकीवर चिकटपट्टी लावून लिहिलं. 'गोठा', 'क्लब हाऊस', 'घरं', आणि चौथीवर 'उपाशी'. चौथीला तुलनेसाठी काहीच द्यायचं नव्हतं. नवरा हेडफोन काढून बाल्कनीत डोकावला आणि म्हणाला, "देवघरात एक घट, इथे चार. यांची आरती किती वाजता?"

जेवण आणायला मी सगळीकडे फिरले. आमच्या इमारतीच्या चेंबरमधून एक डबा, क्लब हाऊसमागच्या चेंबरमधून एक. गोठ्यात गेले तेव्हा मावशी म्हशी धूत होत्या.

"शेनाचं पानी न्यायला एवढी शिकली व्हय?"

"हो. चांगला भरून द्या डबा."

"पगार देत्यात याचा?"

"देतात."

"मंग दोन डबे ने." आणि मग, डब्याचं झाकण लावताना, आवाज खाली आणून, "निगंल ना गं काई यातनं?"

मी 'बघू' म्हणाले. गोठ्यात खरंच काही निघालं असतं, तर तेही मला लिहावंच लागलं असतं.

बाटल्यांचं नवरात्र सुरू झालं. संध्याकाळी खाली क्लब हाऊससमोर दांडिया, खाण्याचे ठेले, भजी आणि पनीर तळल्याचा घमघमाट. वर माझ्या बाल्कनीत चार बाटल्यांची बुडबुड. रोज सकाळी मी ताजं जेवण आणून घालायची. 'उपाशी' बाटली पहिल्याच दिवशी शांत झाली. सोसायटीतला तेवढा एकच खरा उपास असावा. बाकी सगळे साबुदाण्याच्या वड्यांवर होते. 'गोठा' बाटलीत हिरवट पाणी फिरायचं, जरासा फेस धरायचा आणि पंप बंद केला की चटकन बसायचा. 'घरं' बाटली मधल्या पट्टीची, आमच्यासारखीच. आणि 'क्लब हाऊस'? तिच्यात तपकिरी थर दर सकाळी बोटभर वर सरकत होता. पंप बंद केला तरी हलत नव्हता. गळ्यापर्यंत येऊन तो थांबला, तेव्हा मला वाटलं, उद्या फोटो काढून अहवाल लिहावा.

माझ्या उद्याची त्यानं वाट पाहिली नाही.

सकाळी दारावरची बेल वाजली. अध्यक्ष उभे होते, हातात हँगर आणि हँगरला झब्बा. त्या दिवशीचा नवरात्राचा रंग पांढरा होता. साडेनऊला समितीचा पांढऱ्या कपड्यांतला फोटो ठरलेला. झब्ब्याच्या खांद्यापासून खिशापर्यंत एक तपकिरी ओघळ आला होता. अध्यक्ष आमच्या थेट खालच्या मजल्यावर राहतात, हे मी आधी सांगायला हवं होतं. बाटल्या मांडताना तरी ते माझ्या लक्षात यायला हवं होतं.

"मॅडम, हे काय आहे?"

"फेस."

"कसला?"

"तुमच्या स्लाइडवरचा. माफ करा, झब्बा मी धुऊन देते. आधी आत येऊन बघता का?"

ते चपला काढून आत आले. बाल्कनीत 'क्लब हाऊस' बाटलीनं टोपण ढकलून दिलं होतं आणि फेस कट्ट्यावरून शांतपणे खाली उतरत होता. बाकीच्या तीन बाटल्या बाजूला सज्जनासारख्या उभ्या. अध्यक्षांनी चष्मा लावून चारही पट्ट्या वाचल्या. मग पुन्हा वाचल्या.

"या पट्ट्या बदलल्या तर नाहीत ना?"

"वास घेऊन बघा. गोठा कुठला ते लगेच कळेल."

त्यांनी वास घेतला. कबूल करायला हवं, वाकून, नीट घेतला. "पण क्लब हाऊस अशक्य आहे," ते म्हणाले. "आपल्या किचनला ग्रीस ट्रॅप आहे. सगळं तेलतूप त्यात अडतं. आणि तो आरशासारखा असतो, मॅडम. दर शनिवारी साफ झाला की मी स्वतः ग्रुपवर फोटो टाकतो."

फोटो मी पाहिले होते. स्टीलची रिकामी पेटी आणि तिच्या तळात अध्यक्षांचं पुसट प्रतिबिंब.

"त्यातून निघालेली चरबी कुठे जाते?"

"म्हणजे?"

"शनिवारी ट्रॅप साफ करतात. खरवडून काढलेलं सगळं मग कुठे टाकतात?"

अध्यक्षांनी चष्मा काढून खिशात ठेवला. "आपण झीरो वेस्ट आहोत," ते म्हणाले.

आम्ही दोघं खाली गेलो. ऑपरेटर टाकीत हवा सोडणाऱ्या ब्लोअरच्या खोलीत चहा पीत होता. शनिवारची सफाईसुद्धा त्याच्याकडेच होती. मी तोच प्रश्न त्याला विचारला. तो खुशीनं उठला.

"आधी ड्रममधी भरायचो. गाडी यायची, न्यायची. मग साहेबांनी पाटी लावली आन् म्हनले, आजपासून ड्रम बंद, आपला कचरा शून्य. मग म्या डोकं लावलं. उकळतं पानी आन् वरनं साबन. तूप कसं पातळ होतंय! लगेच मागच्या चेंबरात. एक थेंब बाहेर जात नाही बघा."

"आणि चेंबरातून?"

"टाकीत." तो हसला. मग त्यानं टाकीकडे पाहिलं, अध्यक्षांच्या हातातल्या झब्ब्याकडे पाहिलं आणि चहाचा कप हळूच ब्लोअरच्या मागे ठेवला.

म्हणजे पाटी लागल्यापासून आम्ही दर शनिवारी, फोटो काढून, त्या जावयाला तूप वाढत होतो. गरम करून. नवरात्रातल्या ठेल्यांनी त्यात पुरणपोळीची भर घातली होती.

अध्यक्षांचा चेहरा मला वाटलं होतं तसा झाला नाही. ते चिडले नाहीत. संगमरवरी फलकापाशी जाऊन पाठमोरे उभे राहिले आणि तिथूनच म्हणाले, "मॅडम, हे ग्रुपवर टाकायची गरज नाही ना?"

"अहवाल समितीला द्यायचा आहे, ग्रुपला नाही."

"छान. मग समितीची पुढची बैठक दसऱ्यानंतर घेऊ. तिथे रीतसर ठराव करून मावशींचा व्हॉल्व्ह—"

"दसऱ्यानंतर त्या पाण्याचं मावशी काय करतील?"

"प्रोसेस असते, मॅडम."

तेवढ्यात मावशीच आल्या. दुधाची शेवटची फेरी उरकून, रिकामी किटली हातात. आम्हाला तिघांना टाकीपाशी असं उभं बघून त्या थांबल्या. "काय झालं? उगावलं?"

"उगवलं, मावशी. गोठ्यात काही नाही."

त्यांनी किटली खाली ठेवली. मला वाटलं, आता त्या अध्यक्षांना धारेवर धरणार. पण त्यांनी फक्त कुलपाकडे बघितलं. "मंग उगडा की."

"मावशी, त्याची एक प्रोसेस—"

"व्हय, व्हय. ती तुमी करा बसून, सावकाश. पर तवर व्हाल ढिला करा. झाडाला कुटं कळतंय, बैठक हाय का न्हाई त्ये."

अध्यक्षांनी आधारासाठी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "पाणी आज सुरू झालं, तर मी अहवाल स्वस्थपणे, शास्त्रीय भाषेत लिहीन. घाईत लिहिलं की माझं मराठी फार सोपं होतं. सगळ्यांना कळतं."

अध्यक्षांनी खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला.

व्हॉल्व्ह उघडल्यावर पाइप आधी नुसताच खाकरला, मग थोडं गढूळ थुंकला, आणि मग पाणी लागलं. मावशी तोवर भिंतीला वळसा घालून पट्टीत पोचल्या होत्या. भिंतीपलीकडून त्यांचा आवाज आला. "आलं! सोडा आजून! काय भितोय, हितं म्या एकलीच हाय, आजून सोड!" हे शेवटचं ऑपरेटरला होतं, अशी माझी समजूत आहे. व्हॉल्व्हचं चाक मात्र अध्यक्ष फिरवत होते.

त्याच दिवशी पिरंगुटला गेल्यावर ऊबदार पेटी उघडली, तर बशीवर फिकट नारिंगी, सुरकुतलेले, टाचणीच्या डोक्याएवढे ठिपके. जावईबापू जेवायला बसले होते. निकाल लागल्यावर साक्षीदार हजर. मी बशी दिव्यासमोर धरून बराच वेळ बघत बसले. इतका त्रास देऊनही तो जीव दिसायला सुरेख आहे, हे कुणाला सांगायची सोय नाही.

मावशींच्या लांबच्या सऱ्या गेल्याच. पाइपाजवळच्या वाचल्या, पण फूल आखूड आलं. ठासून भरलेल्या गोंड्याऐवजी बटणासारखी फुलं. "बारकी हायेत, पर दमाची हायेत," असं म्हणून त्यांनी त्यांचे दुहेरी हार ओवले, म्हणजे दिसायला भरगच्च. त्यासाठी फुलं मात्र दुप्पट गेली.

फेस काही लगेच गेला नाही. असला पाहुणा जेवण बंद झालं तरी महिनाभर पाय पसरून बसतो. ड्रम परत आला, ऑपरेटर फवारा सोडून फेस झाऱ्यानं काढून बाहेर टाकायला लागला, आणि अध्यक्षांनी ग्रुपवर जाहीर केलं, की सोसायटीनं स्वतःच्या संशोधनातून फेसाचं मूळ शोधलं आहे. खोटं नव्हतं ते. बाल्कनी सोसायटीतच आहे. 'शून्य कचरा' फलकावर मात्र दुसऱ्या दिवशी दसऱ्याच्या शुभेच्छांचं कापडी बॅनर आलं, आणि दसरा होऊन गेल्यावरही ते कुणी काढलेलं नाही.

खंडेनवमीला सगळीकडे यंत्रांची पूजा होते. पिरंगुटच्या कारखान्यांत लेथला हार घालतात, हिंजवडीत लॅपटॉपला. आमच्याकडे टाकीच्या ब्लोअरची असते. अध्यक्ष झब्ब्यात आले, तोच पांढरा. डाग गेला होता, निदान लांबून तरी. नारळ फुटला. मागे टाकीवर फेस अजून पेटीएवढा उरला होता, त्याच्याकडे सगळ्यांनी सभ्यपणे दुर्लक्ष केलं. हार मावशींचे होते.

एक ब्लोअरला पडला, एक विजेच्या पेटीला. तिसरा, सगळ्यात जाड, मावशींनी कुणाला घालू दिला नाही. त्या बाजूला गेल्या आणि त्यांनी तो आपल्या पाइपाच्या व्हॉल्व्हला घातला. नुसता अडकवला नाही. चाकाच्या आऱ्यांतून, कुलपाच्या कडीतून ओवून, दोनदा गुंडाळून गाठ मारली. मग हळद-कुंकू वाहिलं आणि हात जोडले.

"मावशी, इथं कशाला?" अध्यक्षांनी विचारलं.

"माजं यंत्र त्येच हाय की."

आता त्या व्हॉल्व्हला कुलूप घालायचं तर कडी मोकळी करायला हवी, आणि कडी मोकळी करायची तर पूजेचा हार तोडायला हवा. कमिटीत इंजिनिअर भरपूर आहेत, पण वाहिलेल्या हाराला पहिला हात कुणी लावायचा, यावर अजून एकमत झालेलं नाही. फुलं केव्हाच वाळून काळी पडली. दोरा शाबूत आहे. पाणी चालू आहे.